क्ले खाली पडली तेव्हा

"गाडीला गोवर आलाय," असं म्हणून सपकाळे नानांनी चावी काउंटरवर ठेवली.

मी बाहेर येऊन पाहिलं. पांढरी छोटी गाडी. बॉनेट, छत आणि डाव्या बाजूची दोन्ही दारं बारीक तांबूस ठिपक्यांनी भरलेली. पांढऱ्या पिठावर चिमूटभर तिखट भुरभुरलं तर दिसेल तसं. माझे वडील साक्रीच्या आठवडी बाजारात मिरची विकतात, म्हणून मला तेच सुचलं. पण गिऱ्हाईक आधीच वैतागलेलं होतं, म्हणून तिखटाचं मनातच ठेवून मी गाडीभोवती फिरले.

नाना वरणगावचे. तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनच्या कामात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशात पेन, शेजारी छोटी वही, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय.

"तीन गॅरेज झाली," ते म्हणाले. "तिघंही म्हणतात, गंज आतून आलाय, पूर्ण गाडी रंगवा. मला पटत नाही. गंज आतून येतो तेव्हा रंग फुगतो. हा फुगलाय का, सांगा तुम्ही."

हे 'तुम्ही' आमच्या ललित शेठना होतं. शेठचं घरचं कापडाचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी त्यांनी जळगावच्या बाहेर, हायवेला लागून, गाड्या धुण्याचं आणि डिटेलिंगचं हे केंद्र काढलं. डिटेलिंग म्हणजे गाडी नुसती धुणं नाही. तिचा रंग, काच, सीट, एकेक भाग निगुतीनं साफ करून जपणं. शेठना कापडातलं सगळं कळतं, रंगातलं बेताचंच, आणि हे ते स्वतःच सांगतात.

"नाना, आपण धुणारी माणसं," शेठ म्हणाले. "पेंटचं काम आपल्याकडे नाही."

"मग पाटीवर डिटेलिंग कशाला लिहिलंय?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. पाटी मी करून घेतली होती.

माझ्याबद्दल दोन ओळी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माझं गाव साक्रीच्या पश्चिमेला. घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. धुळ्याला देवपूरच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, केमिस्ट्री घेऊन. शेठनी मला ठेवलं ते काउंटर सांभाळायला आणि बाटल्यांवरचं इंग्रजी वाचायला. कोणत्या शाम्पूत किती पाणी घालायचं, कोणतं केमिकल रबराला चालत नाही, हे मी वाचून मराठीत लिहायचे आणि भिंतीवर लावायचे. हळूहळू मी हातही घालायला लागले. पॉलिशच्या मशीनचं काम बघणारे रफिकभाई भंगारातून एक बॉनेट घेऊन आले होते. त्यावर तीन महिने सराव केला. शेठच्या स्वतःच्या गाडीची दोन दारं केली. पण गिऱ्हाइकाची अख्खी गाडी माझ्या हाती कधी आली नव्हती.

"नाना, गाडी कुठे उभी असते?" मी विचारलं.

"घराबाहेर, लिंबाखाली. आठ महिने हलवली नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, चालवायची बंदी होती."

"शेजारी काय आहे?"

"गेट बनवणाऱ्याचं शेड आहे. नवीन झालंय."

"डाव्या बाजूला?"

"डाव्या बाजूला," नाना म्हणाले आणि त्यांनी खिशातली वही काढली. तपासणीतला माणूस. उत्तर मिळालं की लगेच लिहून घ्यायचं.

लोखंड कटरनं कापताना ज्या ठिणग्या उडतात, ते लोखंडाचे तापलेले कण असतात. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. तो कागदापेक्षाही पातळ असतो. तापलेला कण त्यावर पडला की थोडा रुतून बसतो. मग दव पडतं, पाऊस पडतो, आणि तो कण गंजतो. दिसायला गाडी गंजल्यासारखी दिसते, पण गाडीचा पत्रा आत ठणठणीत असतो. गंजतो तो पाहुणा, घर नाही.

"म्हणजे रंगवायची गरज नाही?" नाना.

"कण काढता आले तर नाही. पण पावसाळ्याआधी काढायला हवेत. ते आत उतरत गेले तर मग खरंच रंगवावी लागेल."

"त्या गेटवाल्याशी भांडलात की नाही?" शेठनी मध्येच विचारलं.

"काय भांडणार. त्याच्या लग्नात जेवण वाढायला मी होतो."

मग नानांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांची मुलगी प्रज्ञा डॉक्टर झाली होती. सोमवारी ती साक्रीकडच्या एका आरोग्य केंद्रात रुजू होणार होती. गाडी तिला द्यायची होती. "तिकडं एसटी दिवसातून दोनदा," ते म्हणाले. ते मला सांगायची गरज नव्हती. त्या दोन एसटींपैकी एकीनं मी तीन वर्षं कॉलेजला गेले होते.

"रविवारी संध्याकाळपर्यंत निघालं तर गाडी तिच्याबरोबर जाईल," नाना म्हणाले. "नाही निघालं तर एक्स्चेंजला देऊन टाकतो, बोलणं झालंय. रंगवलेली गाडी मी पोरीला देणार नाही. रंगाखाली काय झाकलंय ते कळत नाही. आणि एक, मशीन लावायचं नाही. माझ्या मोटरसायकलची टाकी एकानं मशीननं घासून पत्रा उघडा केला होता. कंपनीचा रंग आहे, तो आहे तेवढा राहिला पाहिजे."

त्या दिवशी शनिवार होता.

शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "होईल?"

"एका छोट्या भागावर करून बघू द्या. मग सांगते."

"कर. पण शब्द देशील तो तुझा. उद्या फसलं तर परत काउंटर, हे धरून चाल."

मागच्या दाराचा वीतभर चौकोन मी टेप लावून वेगळा केला. आधी धुतला. मग आयर्न रिमूव्हर नावाचं केमिकल फवारलं. हे लोखंड विरघळवतं आणि लोखंड भेटलं की जांभळं होतं. अर्ध्या मिनिटात पांढऱ्या दारावर प्रत्येक ठिपक्यातून जांभळा ओघळ निघाला. वासही सुटला, सडक्या अंड्याचा.

"अगं, हिला तर रक्त आलं," नाना म्हणाले.

कॉलेजात आमचे सर लोखंडाची टेस्ट करून घ्यायचे. परीक्षानळीत एक थेंब टाकला की सगळं लालभडक. तेव्हा मी ती मार्कांसाठी पाठ केली होती. ती इथे, हायवेवर, एका दारावर मला परत भेटेल असं कधी वाटलं नव्हतं. रंग वेगळा होता, तत्त्व जवळपास तेच. सरांची आठवण आली आणि उगाच धीर आला.

पाण्यानं धुतल्यावर बरेच ठिपके गेले होते. पण सगळे नाही. मी डब्यातली पातळ प्लास्टिकची पिशवी काढली, झटकली आणि नानांना दिली.

"हात आत घाला आणि दारावर फिरवा. हळू."

हे आमच्या कामातलं सगळ्यात स्वस्त यंत्र. उघड्या हाताला जे लागत नाही ते पिशवीतून लागतं. नानांनी चौकोनाच्या बाहेर हात फिरवला, मग आत, मग परत बाहेर. चेहऱ्यावर शाळेतल्या मुलासारखं कुतूहल आलं.

"बाहेर पॉलिश पेपर. आत रवा," ते म्हणाले. "अजून काही राहिलंय."

"त्याला क्ले लागते."

क्ले म्हणजे लहान मुलं खेळतात तसा मऊ चिकट गोळा. रफिकभाई तिला च्युइंगम म्हणतात. ती चपटी करून, भरपूर साबणाचं पाणी मारलेल्या रंगावर हलक्या हातानं फिरवायची. रंगाच्या वर डोकं काढून बसलेले कण तिला चिकटतात आणि उपटून येतात. दाब द्यायचा नाही, गोल फिरवायचं नाही, सरळ रेषेत जायचं. थोड्या वेळानं क्ले दुमडून स्वच्छ बाजू वर आणायची. सुरुवातीला खरखर आवाज येतो, मग कमी होतो, मग बंद होतो. आवाज थांबला की ती जागा झाली.

मी त्या चौकोनावर क्ले फिरवली. आवाज थांबला. नानांनी पिशवीतला हात फिरवला आणि तो लगेच घसरून पुढे गेला.

"काच," ते म्हणाले. मग शेठकडे वळून, "ही पोरगी करणार असेल तर ठेवतो."

नाना त्या रात्री जळगावातच बहिणीकडे राहिले. मी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आले.

मे महिना होता. जळगावात मे महिन्यात दहानंतर बॉनेटवर हात ठेवता येत नाही. गरम पत्र्यावर क्ले वितळल्यासारखी पसरते आणि साबणाचं पाणी मारताक्षणी सुकतं. म्हणून हे काम उन्हाच्या आधी उरकायचं. रफिकभाईंनी गाडी धुवून, आयर्न रिमूव्हर मारून तयार ठेवली होती.

"या केमिस्ट्री मॅडम," ते म्हणाले. "आज तुमची प्रॅक्टिकल परीक्षा."

"तुम्ही बाहेरचे परीक्षक ना?"

"मी शिपाई. पाणी द्यायला."

क्लेच्या वडीचे मी सुरीनं तीन तुकडे केले. एक हातात, दोन डबीत. आधी छत, मग डावी दारं, मग डिकी. आठ वाजेपर्यंत गाडीचा बराच भाग झाला होता. दर थोड्या वेळानं क्ले दुमडून बघायचे, तिच्यावर तांबूस ठिपक्यांची नक्षी उमटलेली असायची. गाडीवरचा गोवर माझ्या हातात येत होता. मला छान वाटत होतं. खरं सांगायचं तर जरा जास्तच छान वाटत होतं.

शेवटी बॉनेट राहिलं. मी दुसरा तुकडा घेतला होता. हात साबणानं बुळबुळीत. बॉनेटच्या कडेला वळताना क्ले निसटली आणि खाली रॅम्पच्या ओल्या सिमेंटवर पडली.

मी ती उचलली.

आमच्या घरात भाकरीचा तुकडा खाली पडला तर तो उचलून, फुंकर मारून, कपाळाला लावून खातात. पडला म्हणून आई कधी रागावली नाही. पडलेला तसाच ठेवला तर रागवायची. बाजार उठताना वडील पोत्याभोवती पडलेल्या मिरच्या एकेक वेचतात, मगच पोतं बांधतात. लहानपणी ते वेचायचं काम माझं होतं. मी ती क्ले उचलली ती या सगळ्या हातांनी उचलली. नळाखाली धुतली, दुमडून आतली बाजू बाहेर काढली, आणि परत बॉनेटवर लावली. विचार केला असं म्हणता येणार नाही. हातानंच केलं.

समोरच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलेला कागद होता: 'क्ले खाली पडली तर लगेच टाकून द्यावी. धुऊन वापरू नये.' क्लेच्या डबीवरचं इंग्रजी वाचून मीच ते मराठीत केलं होतं, आणि लाल स्केचपेननं खाली रेघ ओढली होती. तिसरा तुकडा डबीत होता. म्हणजे दुसरा मार्ग नव्हता असंही नाही.

चार-पाच वेळा हात पुढेमागे गेला. खरखर येत होती. ती कमी व्हायला हवी होती. कमी होत नव्हती. उलट बारीक, कर्र असा सूर होता. मी हात थांबवला, पाणी मारलं, कापडानं पुसलं आणि टॉर्च लावला.

बॉनेटवर वीतभर लांब, केसासारख्या बारीक सहा-सात रेघा होत्या. सरळ. कारण मला शिकवलं होतं तसा सरळ रेषेतच मी हात फिरवला होता.

क्ले फोडून पाहिली. आत, दुमडलेल्या भागात, वाळूचे दोन कण. नळाखाली धुतल्यानं ते गेले नव्हते. दुमडल्यानं आत गेले होते आणि दाबल्यावर वर आले होते.

रफिकभाई आले. त्यांनी टॉर्च घेतला, पाहिलं, टॉर्च विझवला.

"आता दिसतं का?"

"नाही."

"पांढरी गाडी आहे. टॉर्च घेऊन कोण फिरतंय? आणि दिसलं तरी मी दोन मिनिटं मशीन मारतो. विषय संपला."

"नानांनी मशीन नको म्हटलंय."

"नाना बहिणीकडे पोहे खातायत, बेटा. त्यांना कळणार पण नाही."

रफिकभाईंचा हेतू वाईट नव्हता. त्यांना मला वाचवायचं होतं. मशीननं पॉलिश करायचं म्हणजे क्लिअर कोटचा अगदी पातळ पापुद्रा काढून रेघ सपाट करायची. नीट केलं तर गाडीला काही होत नाही. पण त्या माणसानं एकच गोष्ट सांगितली होती: रंग आहे तेवढा राहिला पाहिजे. आणि रंगाखाली काय झाकलंय ते कळत नाही म्हणून तो रंगवलेली गाडी पोरीला देणार नव्हता. आता झाकणारी मी होणार होते.

मी उरलेलं बॉनेट नव्या तुकड्यानं पूर्ण केलं. त्या रेघांची जागा मात्र तशीच सोडली.

नऊला शेठ आले. मी सगळं सांगितलं. ते रुमालानं मान पुसत राहिले.

"माझे आजोबा," ते शेवटी म्हणाले, "कापडाच्या ताग्यावर डाग असला तर आधी डाग दाखवायचे, मग कापड. आम्ही पोरं हसायचो." मग म्हणाले, "नानांना तू सांग. मी सांगणार नाही. पण मी तिथं उभा राहीन."

नाना साडेनऊला आले, प्रज्ञाला घेऊनच. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. कालचीच, घडी घालून जपलेली. छत, दारं, डिकी, सगळीकडे हात फिरवला. मुलीलाही फिरवायला लावला. "बघ, बघ," म्हणत होते. बॉनेटपाशी आले तेव्हा मी पुढे झाले.

"नाना, इथं माझ्याकडून चूक झालीय."

मी टॉर्च लावून रेघा दाखवल्या. क्ले कशी पडली, मी कशी उचलली, भिंतीवरचा कागदही दाखवला. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती, नाना रेघांकडे. त्यांनी माझ्या हातातून टॉर्च घेतला आणि तिरपा धरला. तसाच धरायचा असतो. मला कुणी शिकवलं तेव्हा कळलं होतं, त्यांना माहीतच होतं.

"किती वेळा फिरवलीस?"

"चार-पाच वेळा."

"मग थांबलीस कशानं?"

"आवाज कमी होत नव्हता."

"हं. तो तुकडा कुठंय?"

मी कागदात गुंडाळून ठेवलेला तुकडा दिला. त्यांनी तो अंगठ्यानं दाबत नेला आणि एका जागी थांबले. नखानं वाळूचा कण काढून तळहातावर घेतला.

"आमच्याकडे प्रत्येक टेबलाशेजारी लाल रंगाचा डबा असायचा," ते म्हणाले. "हातातून तुकडा खाली पडला की त्याला लाल ठिपका लावायचा आणि वेगळ्या पेटीत टाकायचा. तुकडा खराब असतो म्हणून नाही. चांगलाच असतो बहुतेक. पण चांगला आहे की नाही हे आता सांगता येत नाही, म्हणून. पहिल्या वर्षी माझ्या नावावर अकरा लाल तुकडे होते."

"अकरा?" प्रज्ञा म्हणाली. "मला तर कधी सांगितलं नाहीत."

"तुझे मार्क कमी आले की सांगणार होतो. आलेच नाहीत." मग माझ्याकडे वळून, "पडण्याला शिक्षा नव्हती, पोरी. लपवण्याला होती. आता हे निघेल कसं ते सांग."

मी खरं तेच सांगितलं. निघायचं तर थोडा थर जाणार. मशीननं दोन मिनिटं, हातानं तासभर. हातानं काम हळू होतं, पण किती जातंय त्यावर लक्ष ठेवता येतं. शेठनी आतून रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र आणलं. जुन्या गाड्या घेताना ते वापरतात. बॉनेटवर त्या जागी टेकवलं तर एकशे बारा मायक्रॉन दाखवलं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

नानांनी वहीत आकडा लिहिला. "हातानं कर. मी बसतो."

रफिकभाईंनी खुर्ची आणून ठेवली, आणि जरा ओशाळून गाडीवर सावली येईल अशी ताडपत्री बांधली. मी सगळ्यात सौम्य पॉलिश घेतलं. फोमच्या तुकड्यावर वाटाण्याएवढं. रेघांच्या जागेपुरतंच घासायचं, पुसायचं, टॉर्च, परत घासायचं. ऊन चढत होतं. दंड भरून आले. नाना पेपर घेऊन बसले होते, पण पान उलटत नव्हते. प्रज्ञानं मध्ये मला पाणी आणून दिलं आणि गाव विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे माझ्या केंद्राच्या अलीकडचंच," ती म्हणाली. "तिथं चांगला चहा कुठं मिळतो?"

"स्टँडसमोर कुठंच नाही. आमच्या घरी."

ती हसली. तिच्याही घरात ती पहिली डॉक्टर होती. मला ते तिच्या बसण्यावरून कळत होतं. खुर्ची दिली तरी ती कडेलाच टेकली होती. मीही कुठे गेले की तशीच बसते.

सव्वाअकराच्या सुमाराला टॉर्चखाली रेघ दिसेनाशी झाली. मी तिरपा धरला, सरळ धरला, पलीकडून धरला. मग नानांना दिला. त्यांनी ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी जितक्या जवळून बघता येईल तितकं बघितलं आणि यंत्र टेकवलं.

एकशे अकरा.

"एक गेला," ते म्हणाले.

"हो."

"कुठे गेला ते माहीत आहे ना?"

मी हातातलं कापड दाखवलं. "इथं."

"मग हरकत नाही. कुठे गेला ते माहीत नसतं तेव्हा काळजी असते."

शेवटी पूर्ण गाडीला वॅक्स लावलं. क्ले कण काढते तशी जुन्या वॅक्सची पातळ कातडीही काढते. रंग उघडा पडतो, म्हणून त्यावर लगेच नवं संरक्षण द्यावंच लागतं. हे काम अर्धवट सोडलेल्या गाड्या आमच्याकडे पुढे बऱ्याच आल्या.

जाताना नानांनी जॉब कार्ड मागितलं. जॉब कार्ड म्हणजे गाडीवर काय काय काम केलं ते लिहिलेला कागद. मी धुणं, आयर्न रिमूव्हर, क्ले, वॅक्स असं लिहिलं होतं. त्यांनी वाचलं आणि परत दिलं.

"अपुरं आहे."

मी खाली लिहिलं: बॉनेटवर काम करताना क्ले पडली, रेघा आल्या, हातानं पॉलिश केलं, जाडी एकशे बारावरून एकशे अकरा. नानांनी त्याखाली 'तपासले' असं लिहून सही केली. गाडीच्या मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिलेलं होतं. प्रज्ञानं चालकाच्या सीटवर बसून आरसा नीट केला, नाना शेजारी बसले, आणि गाडी हायवेला लागली. सोमवारी ती साक्रीकडे गेली.

"काउंटरवर आता कोण बसणार?" मी शेठना विचारलं.

"माणूस बघतोय," शेठ म्हणाले. "इंग्रजी वाचता येणारा."

पुढे नाना गेटवाल्या शेजाऱ्याची व्हॅनही घेऊन आले. तिलाही गोवर होता. स्वतःच्याच शेडमधला.

त्या आठवड्यात मी भिंतीवर, माझ्या त्या कागदाखाली, लाल झाकणाची एक बरणी लावली. पडलेली क्ले त्यात टाकायची आणि शेजारच्या वहीत नाव लिहायचं. पहिलं नाव माझं आहे. दुसरं रफिकभाईंचं. ते म्हणतात, वीस वर्षांत माझ्या हातून काही पडलं नाही, ही वही आल्यापासून पडायला लागलं. शेठनी एकदा हौसेनं स्वतः क्ले धरली होती; त्यांचं नाव त्या दिवशी तीनदा आहे.

पावसाळ्यात आई जळगावला आली तेव्हा तिनं ती बरणी उघडून पाहिली. मी तिला सगळी हकिकत सांगितली, वाळूचा कण, रेघा, लाल ठिपका. तिनं नीट ऐकून घेतलं.

"इतली चांगली वस्तू शे," ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "आनि बठ्ठी अशीच पडेल? माले दे."

सगळी अशी वाया पडून राहिलेली तिला बघवेना, म्हणून चार गोळे ती पदरात बांधून घेऊन गेली. आता एक आमच्या घरी पाण्याच्या मांडणीच्या हलणाऱ्या पायाखाली आहे. एकानं वडिलांच्या मिरचीच्या डब्याचं भोक बंद झालं आहे. बाकीच्या दोनांचं काय केलं ते तिनं सांगितलेलं नाही. परवा तिचा फोन आला होता. गुडघा दाखवायला आरोग्य केंद्रात गेली होती. "तुनी गाडी दिखनी," म्हणाली. "मी हात फिरायी दखा. गुळगुळीत शे."

पडलेलं उचलायचं, हे तिनं शिकवलेलं मी सोडलेलं नाही. फक्त ते परत बॉनेटवर लावत नाही.